तिन्हीसांजेला लाल गाडी काळी का दिसते?

अंगणात जास्वंद असेल तर आज संध्याकाळी दिवे न लावता तिच्याकडे बघत बसा. दुपारच्या उन्हात पानांतून उठून दिसणारं लालभडक फूल अंधारू लागलं की काळपट होत जातं, आणि पानंच त्याच्यापेक्षा उजळ वाटू लागतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किंजे यांनी हा बदल १८२५ साली नोंदवला. दिवसा आपण डोळ्यांतल्या शंकूपेशींनी पाहतो. त्यांना ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा पोपटी प्रकाश सर्वांत तेजस्वी भासतो. उजेड कमी झाला की दंडपेशींचं काम सुरू होतं. त्यांचा ओढा ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर हिरव्याकडे असतो. लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवतच नाही.

म्हणून ‘लांबून दिसते’ या भरवशावर घेतलेली लाल मोटारसायकल संध्याकाळच्या रस्त्यावर विझून जाते. शोरूमच्या झगमगाटात टाकीवरून हात फिरवताना हे लक्षात येत नाही.

मग पांढरी किंवा पिवळी घ्यावी? न्यूझीलंडमध्ये ऑकलंड परिसरात १९९३ ते १९९६ या काळात अपघातात सापडलेल्या चालकांची इतर चालकांशी तुलना झाली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाडीच्या पुढच्या बाजूचा रंग आणि अपघाताचा धोका यांचा संबंध आढळलाच नाही! मात्र काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांत धोका २४ टक्के कमी होता, दिवसा हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांत २७ टक्के, आणि चमकणारं किंवा प्रकाश परतवणारं जाकीट घालणाऱ्यांत ३७ टक्के कमी. मला हे पटतं. समोरून येणाऱ्याला टाकी दिसतेच किती? हँडल, दिवा आणि चालकाचे गुडघे यांच्यामागे ती लपलेली असते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, म्हणजे आपल्या हाती उरतं ते हेल्मेट आणि जाकीट. हेल्मेट पांढरं आणि जाकीट चमकणारं किंवा प्रकाश परतवणारं घ्याच.

गाडीचा रंग मग खुशाल आवडीने निवडा, फक्त तो टिकेल कसा हे आधी पाहा. प्रायमर, मूळ रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून थर साधारण एक दशांश मिलिमीटरचा. उन्हातले अतिनील किरण त्यातल्या रंगद्रव्यांचे रेणू तोडतात. लाल-पिवळ्या छटांतली बरीच रंगद्रव्यं कार्बनच्या गुंतागुंतीच्या रेणूंची असतात, ती लवकर फिकटतात. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड आणि काळ्यातली कार्बनची काजळी मात्र चिवट.

मॅट रंग मंद दिसतो, कारण त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो. गुडघे घासून तो खडबडीतपणा झिजला की तिथे चकाकी येते. पॉलिश केलं तर डाग आणखी वाढतो.

ऑलिव्ह हिरवा मनात असेल तर तो सोडा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी आहे.

मेटॅलिकची अडचण वेगळीच. त्यात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. स्प्रे गनचा दाब किंवा अंतर बदललं की ते वेगळ्या कोनात बसतात. त्यामुळे डब्यावरचा क्रमांक तोच असूनही ओरखड्यावर मारलेला नवा रंग समोरून जुळतो आणि बाजूने वेगळा दिसतो. पेंटरकडून गाडी ताब्यात घ्यायची ती उन्हात, तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून.