सात ग्रॅम पानं, दहा पेले

कोवळ्या पु-अर चहाची गंमत अशी, की पानं एकदाच घालायची आणि पाणी आठ-दहा वेळा ओतायचं. पहिला पेला सौम्य, ताज्या गवताच्या वासाचा. तिसरा कडवट आणि तुरट, जीभ आवळून धरणारा. आठव्यापर्यंत पोचेस्तोवर चहा गोडसर झालेला असतो. पानं तीच, किटलीतलं पाणी तेच. चहाचे शौकीन याचं श्रेय डोंगराला, झाडाच्या वयाला आणि बनवणाऱ्याच्या हाताला देतात. त्यात तथ्य आहेच, पण यातला बराच खेळ रेणूंच्या वेगाचा आहे आणि उरलेला पिणाऱ्याच्या लाळेचा.

हा चहा चीनच्या नैर्ऋत्येकडच्या युन्नान प्रांतातला. शिश्वांगबन्ना, लिनत्सांग आणि पु-अर हे त्याचे मुख्य भाग. पु-अरमधल्या जिंगमाय डोंगरावरची जुनी चहाची रानं 2023 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. झाड मात्र आपल्या ओळखीचं आहे. आसामच्या मळ्यांत वाढतो तोच मोठ्या पानाचा आसामिका वाण इथं उंच झाडांच्या सावलीत वाढतो. सावलीचाही चवीशी संबंध आहे. चहाच्या पानात थिॲनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, मऊ आणि रसाळ चवीचं. भरपूर ऊन मिळालं की ते मोडतं आणि पानात कॅटेचिन वाढतात. कॅटेचिन म्हणजे कडू-तुरट मंडळी. सावलीत थिॲनिन टिकून राहतं.

खुडलेली पानं थोडी कोमेजू देतात, मग मोठ्या कढईत हातानं परततात. या उष्णतेनं पान काळं पाडणारी विकरं बरीचशी निकामी होतात. पुढं पानं मळायची, उन्हात वाळवायची, वाफ देऊन मऊ करायची आणि दाबून चकती करायची. ठरलेलं वजन 357 ग्रॅम. अशा सात चकत्यांचा गठ्ठा साधारण अडीच किलोचा होतो. या प्रकाराला शंग म्हणतात. 1970 च्या दशकात ओल्या ढिगात झटपट आंबवायची रीत निघाली, त्यातून शू हा काळा, मातकट चहा आला. त्याचं रसायन वेगळं, म्हणून तो इथं बाजूला ठेवू. शंगही वर्षानुवर्षं ठेवला की बदलत जातो, गडद आणि मवाळ होतो. एखाद-दोन वर्षांचा शंग मात्र आतून हिरव्या चहाच्या जवळचा असतो. कॅटेचिन जवळपास शाबूत, रंग फिकट पिवळा.

आता प्रश्न असा, की एकाच वाणाच्या पानांपासून बनलेला आपला चहा एका उकळीत सगळं देऊन टाकतो आणि हा दहा वेळा पाणी मागतो, ते का? आपल्याकडची चहा पावडर बहुतेक सीटीसी पद्धतीची असते. 1930 च्या सुमारास आसामात आलेल्या या यंत्रांत पान दातेरी रुळांमधून चुरडून, फाडून निघतं आणि त्याचे बारीक गोळीदार दाणे होतात. पेशी फुटलेल्या, पृष्ठभाग प्रचंड वाढलेला. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत त्यातलं बहुतेक सगळं उतरतं आणि गाळणीत राहतो तो चोथा. त्या चोथ्यावर पुन्हा पाणी घातलं की काय मिळतं, हे घरोघरी ठाऊक आहे.

शंगचं पान अखंड असतं आणि वरून दाबलेलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले रसायनशास्त्रज्ञ मायकेल स्पायरो यांनी 1980 च्या दशकात चहा पाण्यात कसा उतरतो याची बारकाईनं मोजमापं केली. त्यांच्या कामातून दिसलं, की खरा अडथळा बाहेरच्या पाण्यात नसतो, पानाच्या आत असतो. रेणूला आतून पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो; एकदा बाहेर आला की पाण्यात तो पटकन मिसळतो. असा विसरणाचा, म्हणजे रेणूंनी आपोआप पसरत जाण्याचा, प्रवास अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात लांबतो. वाट दुप्पट झाली की वेळ चौपट. म्हणून चमच्यानं ढवळत बसण्यापेक्षा पानाचा आकार कितीतरी जास्त महत्त्वाचा.

त्यात सगळे रेणू सारखे चपळ नसतात. कॅफीन आणि थिॲनिन लहान, पाण्यात सहज विरघळणारे. कॅटेचिनमध्ये दोन गट आहेत. साधी कॅटेचिन लवकर बाहेर येतात. गॅलिक आम्ल जोडलेली वजनदार मंडळी, त्यातलं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ईजीसीजी, सावकाश निघतात आणि जास्त कडू व तुरट असतात. गरम पाण्यात त्यांचा वेग चांगलाच वाढतो. कोवळा शंग फार कडू लागला तर 90 अंशांच्या आसपासचं पाणी घ्या, असा सल्ला देतात तो यामुळेच.

शंभर-एकशेवीस मिलिलिटरचं झाकणाचं भांडं, त्याला गायवान म्हणतात, आणि त्यात सातेक ग्रॅम चहा. आपल्या नेहमीच्या चहाच्या मानानं हे प्रमाण भलतंच जास्त आहे, म्हणून पाणी पानावर काही सेकंदच ठेवायचं. पहिलं पाणी ओतून लगेच टाकून देतात. त्यात कॅफीन धुऊन जातं असं सांगतात, ते खरं नाही. पाच सेकंदांत फारसं कॅफीन निघत नाही. पान फक्त भिजतं, दाबलेले थर सुटायला लागतात. या क्षणी भांड्याचं झाकण उचलून नाकाशी धरावं. फुलांसारखा जो वास येतो त्यात लिनॅलूल आणि जिरॅनिऑल हे उडून जाणारे रेणू असतात. सुवास असा झाकणावरच घ्यावा, कारण पुढच्या प्रत्येक पाण्याबरोबर तो झपाट्यानं कमी होतो.

पिण्याचा पहिला पेला हलका निघतो, कारण चकतीचा तुकडा अजून पूर्ण उलगडलेला नसतो. दुसऱ्या ते चौथ्या पाण्यात पानं मोकळी होतात, साठा भरलेला असतो आणि जड कॅटेचिनही दारात येऊन पोचलेली असतात. सगळ्यांत दमदार पेले हेच. पाचव्यानंतर कॅफीन ओसरतं, पानातला साठा आणि बाहेरचं पाणी यांच्यातला फरक कमी होतो, म्हणून वेळ वाढवावी लागते. दहा सेकंदांची वीस, मग चाळीस, मग दोन मिनिटं. शेवटच्या पेल्यांत येणारी गोडी पानात नव्यानं तयार झालेली नसते. कडू आणि गोड चवी एकमेकींना दडपतात. कडूपणा हटला की आधीपासून असलेली थोडीशी गोडी दिसायला लागते.

आता तोंडाकडे वळू. कडूपणा ही चव आहे. ती ओळखायला माणसाच्या जिभेवर सुमारे 25 प्रकारचे ग्राहक रेणू (रिसेप्टर) आहेत आणि चहाची कॅटेचिन त्यातल्या काहींना चेतवतात. तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श आहे. लाळेत प्रोलिन नावाच्या अमिनो आम्लानं समृद्ध अशी प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. कॅटेचिन त्या प्रथिनांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, वंगण जातं आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. चहातलं दूध हेच काम आधी उरकतं. दुधातलं केसिन कॅटेचिनला धरून ठेवतं, लाळेच्या वाट्याला कमी येतात, म्हणून आपला कडक चहाही सुसह्य होतो. कोवळ्या शंगमध्ये असा मध्यस्थ नाही. कोरडं पडलेलं तोंड नवी लाळ सोडतं, आणि हा चहा तरतरी देतो, घसा ओला करतो असं म्हणतात त्यामागं कॅफीनबरोबर या लाळेचाही हात आहे.

गिळल्यानंतर काही क्षणांनी घशाशी येणारी गोडी तर या चहाची शान मानतात. आवळा खाऊन वर पाणी प्यायलेल्या कुणालाही ती वेगळी समजावून सांगायला नको. आंबट किंवा कडू पदार्थाला जीभ सरावली की साधं पाणीही गोड लागतं. असे प्रयोग 1960 च्या दशकातच झाले आहेत. इथं पाण्याची जागा लाळ घेते, एवढाच फरक.

यात एक मेख आहे. तुरटपणा घोटागणिक साचत जातो, कारण लाळेतली प्रथिनं भरून यायला वेळ लागतो. म्हणजे चौथा पेला जास्त तुरट लागतो तेव्हा दोष चौथ्या पेल्याचा किती आणि आधीच्या तिघांचा किती, हे नुसतं क्रमानं पिऊन कळणार नाही. शौकिनांच्या टिपणांत ‘चौथ्या पाण्यात चहानं रंग बदलला’ असं वाचलं की मला हेच आठवतं.

खातरजमा करायची तर सोपा उपाय आहे. सगळी पाणी काढून ओळीनं पेल्यांत ठेवा, निवू द्या आणि उलट्या क्रमानं चाखा. प्रत्येक पेल्यानंतर पाण्यानं चूळ भरा आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. बोअरचं जड पाणी मात्र घेऊ नका. त्यातल्या कॅल्शियममुळे चहावर साय धरते, चव मंदावते. सात ग्रॅम पानांत तीन टक्के कॅफीन धरलं तरी दोनशे मिलिग्रॅमच्या वर जातं, म्हणजे दोन कप कॉफीचा ऐवज; तेव्हा हा प्रयोग रात्री आणि उपाशीपोटी नको. वजन कमी करण्यासाठी म्हणून हा चहा विकणाऱ्यांच्या जाहिराती दिसतात, त्यांचा पुरावा जाहिरातीच्या मानानं फारच बारीक आहे.

निवताना दमदार पेल्यांतला चहा किंचित गढूळ झाला तर तो खराब झाला असं समजू नका. थंड होताना कॅफीन आणि कॅटेचिन एकमेकांना बिलगतात आणि त्यांचे कण तरंगायला लागतात. पेला पुन्हा गरम करा, चहा निवळतो.