बोलणं वेगळं, जोडणं वेगळं : सीसीएक्सएमएलची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आजोबांची गुळाची पेढी होती. गुजरातच्या व्यापाऱ्याशी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा: साधा, अर्जंट नाहीतर लायटनिंग. ठरावीक माणूसच हवा असला तर पी.पी. तासाभरानं घंटी वाजायची, "पार्टी लाइनवर आहे, बोला." सौदा रंगात आला की मध्येच तोच आवाज, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" गुळाच्या भावाशी त्या ऑपरेटरबाईंना कर्तव्य नव्हतं. कोणाची लाइन कुणाला जोडायची आणि कधी तोडायची, हे मात्र त्यांच्याच हातात. संगणकाला हेच जोडण्या-तोडण्याचं काम सांगायची भाषा म्हणजे सीसीएक्सएमएल.

पुढं फोनवर संगणक बोलू लागला, तेव्हा त्याला बोलायला शिकवणं आधी झालं. एटी अँड टी या अमेरिकी फोन कंपनीत १९९५ च्या सुमाराला फोनवरचे प्रश्न वेबपानासारखे टॅगमध्ये, म्हणजे कोनी कंसातल्या खुणांमध्ये, लिहायचा प्रयोग सुरू झाला. मोटोरोलानं त्यासाठी व्हॉक्सएमएल ही भाषा काढली, आयबीएमनं स्पीचएमएल. एकासाठी लिहिलेलं दुसऱ्याकडं चालेना. शेवटी १९९९ मध्ये या तिन्ही कंपन्या आणि ल्युसंट ही चौथी एकत्र आल्या आणि मार्च २००० मध्ये व्हॉइसएक्सएमएल १.० ही सामाईक भाषा आली. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं २.० आवृत्तीवर मार्च २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. "मराठीसाठी एक दाबा" हे वाक्य, त्यावर दाबलेलं बटण आणि पुढचा प्रश्न, सगळं तिच्यात नीट बसतं.

पण ही भाषा सुरू होते फोन उचलल्यावर. घंटी वाजत असताना घ्यायचा की नाही हे ठरवणं, स्वतःहून नंबर लावणं, पाच जणांना एका कॉलमध्ये घेणं हे तिच्या आवाक्याबाहेरचं. 'ट्रान्सफर' नावाचा एकच टॅग, त्यानं कॉल दुसरीकडं द्यायचा.

ही उणीव भरायला सीसीएक्सएमएल आली; त्यातलं 'सीसी' म्हणजे कॉल कंट्रोल. पहिला मसुदा २००२ चा. तिचं काम घटनांवर चालतं. समजा, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघालीय आणि नदीकाठच्या सरपंच, तलाठी, पोलीस पाटलांना रात्रीच एकत्र बोलवायचंय. 'क्रिएटकॉन्फरन्स'नं बैठक उघडायची, 'क्रिएटकॉल'नं प्रत्येकाचा नंबर लावायचा. कुणी फोन उचलला की 'कनेक्टेड' ही घटना येते. मग त्या लाइनवर व्हॉइसएक्सएमएलचा संवाद बसवायचा: "गावचा रस्ता सुरू असेल तर एक दाबा." उत्तर मिळालं की संवाद संपतो, कॉल तसाच राहतो आणि 'जॉइन' त्याला बैठकीत घेतो. नंबर लागलाच नाही तर 'फेल्ड' येतं, दुसऱ्या नंबरावर प्रयत्न. एवढ्या सगळ्या लाइनी एकच प्रोग्रॅम सांभाळतो, आणि एकीवर काय बोलणं चाललंय याची त्याला गरज नसते. मला ही विभागणी फार मोलाची वाटते, कारण एक बाजू बदलताना दुसरीला हात लावावा लागत नाही.

मानक म्हणून ती पक्की व्हायला ५ जुलै २०११ उजाडलं. नऊ वर्षं फार झाली. तोवर २००८ मध्ये ट्विलिओ ही कंपनी आली होती. तिच्या ट्विमएल या भाषेत 'से', 'गॅदर', 'डायल' अशी मोजकी क्रियापदं, तीही बोलणं आणि जोडणं एकाच पानावर घेणारी. साधी वेबसाइट लिहिणाऱ्यालाही ती दुपारभरात जमते, त्यामुळं नवी मंडळी तिकडंच वळली.

घटना आली की अवस्था बदलायची ही सीसीएक्सएमएलची चाल मात्र पुढच्या भाषेत उतरली. ती म्हणजे एससीएक्सएमएल. सप्टेंबर २०१५ मध्ये ती मानक झाली, आणि तिला फोनचंही बंधन नाही.