मोठी जागा आणि तातडीची जागा: 'गो'मध्ये पुढचा खडा कुठे टाकायचा?

गो हा दोघांनी पटावर खेळायचा खेळ: एकाचे खडे काळे, दुसऱ्याचे पांढरे, आणि रेघांच्या छेदांवरच्या मोकळ्या जागा वेढून आपली घरं करायची. डाव विसाव्या चालीच्या आसपास आला की हात वाटीतल्या खड्यांत नुसता घुटमळत राहतो. चारही कोपरे वाटून झालेले असतात, पटावरच्या ३६१ पैकी तीनशे चाळीस जागा अजून रिकाम्या असतात आणि सगळ्याच खुणावतात. अशा वेळी जपानी खेळाडूंच्या तोंडी दोन शब्द असतात, ओबा आणि क्यूबा. (दुसऱ्याचा त्या देशाशी काही संबंध नाही.) ओबा म्हणजे मोठी जागा, क्यूबा म्हणजे तातडीची. कागदावर फरक स्वच्छ आहे. पटावर मी मात्र कित्येक महिने ओबाच्या मागे धावत क्यूबा हुकवत होतो.

ओबा ओळखणं सोपं. दोन कोपऱ्यांच्या मधली मोकळी कड, कडेपासून तिसरी किंवा चौथी रेघ, तिथे एक खडा टाकला की दोन्हीकडे हातपाय पसरता येतात. कडेचा एक आधार आयताच मिळतो, म्हणून मधल्या मैदानापेक्षा कडेला घरं स्वस्तात बांधून होतात. घरं हा शब्द मी उगीच वापरत नाही. कोरियन भाषेत वेढलेल्या जागांच्या या गुणांना 'जिप' म्हणतात, त्याचा अर्थ घरच.

क्यूबा डोळ्यांत भरत नाही, कारण तिथे मिळकत दिसत नाही. एक नेहमीचं दृश्य घ्या. उजव्या खालच्या कोपऱ्यात काळ्याचा खडा दोन्ही कडांपासून चौथ्या रेघेवर आहे. तुम्ही पांढरे. उजव्या कडेवर, तिसऱ्या रेघेवरून तुम्ही त्याच्या जवळ आलात. काळ्याने खालच्या कडेला खडा टाकून उत्तर दिलं. तुम्ही दुसऱ्या रेघेवरून कोपऱ्यात सरकलात, त्याने तीन-तीनच्या जागेवर, म्हणजे दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघेवर, दार लावलं. आता पाळी तुमची. डावीकडची अख्खी कड मोकळी पडली आहे. आणि इकडे, उजव्या कडेवरच्या आपल्या पहिल्या खड्याच्या वर दोन जागा सोडून तिसऱ्या रेघेवरच एक साधी चाल आहे. तिची घरं मोजलीत तर हाती चार-सहा लागतील.

मी डावीकडे गेलो. काळ्याने नेमकी ती साधी जागा घेतली आणि माझे दोन खडे वरून-खालून कोंडले. कडेला दोन डोळे, म्हणजे खडे कायमचे जिवंत ठेवणाऱ्या दोन वेगळ्या मोकळ्या जागा, करायला वाव उरला नाही, म्हणून पळालो मधल्या मैदानात. मी एक पाऊल टाकलं की काळाही एक टाकायचा, पण माझ्या पावलाला घर मिळत नव्हतं आणि त्याच्या प्रत्येक पावलागणिक उजवी कड काळी होत होती. दहा-बारा चालींनी जीव वाचला खरा. तोवर डावीकडच्या माझ्या एकुलत्या खड्याच्या शेजारीही तो येऊन बसला होता.

तर ओबाचं मोजमाप घरांत होतं, क्यूबाचं खड्यांच्या जिवात. जागा शोधताना मी आता आधी 'मला काय मिळेल' हे विचारत नाही. इथे मी काहीच केलं नाही आणि समोरच्याने खेळून घेतलं, तर पुढच्या दहा चाली कोण ठरवणार? उत्तर 'तो' असेल तर ती जागा तातडीची. हा प्रश्न उलटाही चालतो. त्याचे खडे अधांतरी असतील, तर त्यांची नड ही माझी क्यूबा.

पण घाबरणं म्हणजे तातडी नव्हे. समोरच्याने एका खड्याला अटारी दिली, म्हणजे पुढच्या चालीत तो उचलण्याची धमकी दिली, की नवशिका डोळे मिटून तो वाचवतो. तो खडा काही तोडत किंवा जोडत नसेल तर जाऊ द्यावा. चीनच्या तांग काळातल्या वांग जीशिन या खेळाडूच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या दहा सूत्रांत 'खडे सोडा, पुढाकार घ्या' असं एक आहेच.

संगणकाने हे सगळं जरा सैल केलं, हेही सांगायला हवं. जुन्या शिकवणीत जिथे उत्तर देणं भागच असे, तिथून कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम बिनदिक्कत उठून दुसरीकडे जातात. त्यांना चटके सोसायचा हिशोब येतो. आपल्याला येत नाही, म्हणून मी अजून जुन्या क्रमाला धरून आहे.

क्वचित एकच जागा दोन्ही असते. १८४६ मध्ये ओसाकात सतरा वर्षांचा जपानी खेळाडू शूसाकू हा गेन्नान इनसेकी या नामवंत खेळाडूविरुद्ध खेळत होता. इनसेकीचं पारडं जड होतं. १२७व्या चालीला काळे खडे खेळणाऱ्या शूसाकूने पटाच्या मध्याजवळ एक खडा टाकला. त्याने वरचा काळा पसारा वाढला, पांढऱ्याचा उजवीकडचा जोर ओसरला आणि खालच्या चार अशक्त काळ्या खड्यांना दुरून आधार मिळाला. बघणाऱ्यांत एक वैद्य होता. त्याला म्हणे गो फारसा कळत नव्हता, पण शूसाकू जिंकणार असं तो म्हणाला, कारण त्या चालीनंतर इनसेकीचे कान लाल झालेले त्याने पाहिले होते.