झोरोचे काळे कपडे कुठून आले?

हल्ली एखादा ॲडव्हेंचर पिक्चर आला की मागोमाग गेम, सिरीज, कॉमिक सगळंच येतं आणि लोकांना वाटतं हे नवीन खूळ आहे, पण तसं अजिबात नाहीये, याला शंभर वर्षं होऊन गेलीत.

टारझनच घ्या ना. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात आला, १९१४ ला पुस्तक, १९१८ ला मूकपट, १९२९ ला पेपरात कॉमिक स्ट्रिप, १९३२ ला रेडिओवर. लेखक एडगर राइस बरोजने तर १९२३ मध्ये स्वतःच्याच नावाने कंपनी काढली होती.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो झोरो, मुखवटा घालून तलवार चालवणारा हिरो. १९१९ मध्ये जॉन्स्टन मॅककलीने त्याची गोष्ट मासिकात क्रमशः लिहिली, शेवटी हिरोने सगळ्यांसमोर मुखवटा काढला आणि विषय संपला. पुढच्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सचा मूकपट आला, तो असा काही चालला की मॅककली परत झोरो लिहायला बसला, आणि पुढे पुढे तर मुखवटा काढल्याचं त्याने चक्क विसरूनच टाकलं. मूळ गोष्टीत झोरोची केप जांभळी होती बरं का! आपल्या डोक्यात बसलेला काळ्या कपड्यांतला झोरो पडद्यावरचा, तो नंतर लेखकाने उचलला. म्हणजे पडद्याने नुसतं घेतलं नाही, परतही दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी गंमत हीच आहे.

सुपरमॅनचं क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याची ताकद काढून घेणारा दगड, पण असंच, रेडिओवर १९४३ ला आलं, कॉमिकमध्ये थेट १९४९ ला.

स्टार वॉर्सची तर कादंबरीच १९७६ च्या शेवटी आली, पिक्चर मे १९७७ ला. नंतर कादंबऱ्या, कॉमिक्स, गेम्स मिळून केवढं मोठं जग उभं राहिलं, लोकांनी ते वर्षानुवर्षं मनापासून वाचलं, आणि २०१४ मध्ये ते सगळं 'लेजंड्स' म्हणून बाजूला काढलं, म्हणजे मुख्य कथेत धरायचं नाही. वाचणाऱ्यांना किती लागलं असेल ते! पण त्यातलाच थ्रॉन, टिमथी झानच्या १९९१ च्या कादंबरीतला व्हिलन, २०१६ ला ॲनिमेशन सिरीजमधून परत आला आणि २०२३ ला खऱ्या माणसांच्या सिरीजमध्ये, तेही ॲनिमेशनमध्ये त्याला आवाज दिलेल्या लार्स मिकेल्सनच्याच रूपात.