तक्रार द्यायला गेलेल्या परदेशी माणसाला आधी पासपोर्ट का मागतात, त्याची पार्श्वभूमी

मुंबईत कलिनाला आमच्या बिल्डिंगमध्ये एक केनियाचा मुलगा भाड्याने राहायचा, शिकायला आलेला, त्याच्याबरोबर मी एकदा पोलीस स्टेशनला गेलो होतो. त्याला हिंदी मोडकंतोडकं यायचं आणि मराठीचा तर प्रश्नच नव्हता म्हणून दुभाषा मी. प्रकरण तसं साधं, लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाड्याचा करार संपला, घरमालक डिपॉझिट परत देईना, त्यावरून वाजलं, मालकाने त्याची कॉलर धरली आणि सामान जिन्यात काढून ठेवलं. ठाणे अंमलदार माणूस म्हणून वाईट नव्हता, आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. पण त्याचा पहिला प्रश्न "काय झालं?" असा नव्हता, "पासपोर्ट आणलाय का याने?" असा होता. मग व्हिसाचं पान, मग रजिस्ट्रेशनचा कागद, मग कॉलेजचं पत्र. अर्धा तास कागद बघण्यात गेला आणि कॉलर कोणी धरली हे शेवटच्या पाच मिनिटांत. मधेच मालक येऊन शेजारच्या खुर्चीवर बसला, त्याला मात्र कोणी साधं आधार कार्डही विचारलं नाही.

पोलीस परदेशी माणसाशी नीट वागतात का, यावर वाद घालताना लोक एकतर "आपले पोलीस भ्रष्टच" म्हणतात नाहीतर "हे लोक ड्रग्ज विकतात" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मला वाटतं हा पासपोर्टचा प्रश्न पहिला का येतो ते आधी बघायला पाहिजे, कारण तो त्या अंमलदाराच्या डोक्यातून आलेला नाही, त्याच्या हातात दिलेल्या कायद्यातून आलाय.

गंमत म्हणजे एकेकाळी हा तराजू बरोबर उलटा झुकलेला होता. इंग्रजांच्या राज्यात बाहेरून आलेला गोरा माणूस आणि इथला माणूस यांच्यात वाद झाला तर कायदाच गोऱ्याच्या बाजूने. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत भारतीय मॅजिस्ट्रेट गोऱ्यांचे खटले चालवू शकायचे, पण जिल्ह्यात नाही. १८८३ साली इल्बर्ट बिलाने हा भेद काढायचा प्रयत्न केला तर गोऱ्या लोकांनी एवढं रान उठवलं की १८८४ मध्ये तडजोड झाली, गोऱ्या आरोपीला निम्मे तरी युरोपियन किंवा अमेरिकन असलेली ज्युरी मागता येईल अशी. हे भेद बऱ्यापैकी कमी व्हायला १९२३ साल उजाडावं लागलं. मुंबईला पहिला भारतीय पोलीस कमिशनर, भरुचा, मिळाला तोही १९४७ मध्ये.

आता आजच्या प्रश्नाचं मूळ. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, १९३९ ला, परदेशी लोकांच्या नोंदणीचा कायदा आला आणि १९४६ ला फॉरेनर्स ॲक्ट. युद्धाच्या संशयाचा काळ, आणि संशय हाच त्या कायद्याचा पाया. त्याचं कलम ९ असं होतं की अमुक माणूस परदेशी आहे की नाही असा प्रश्न आला तर ते सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच, सरकारवर नाही. एरवी फौजदारी कायद्यात आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं असतं, इथे उलटं. स्वातंत्र्य मिळालं, घटना आली, पण हा कायदा तसाच राहिला. १९५५ मध्ये हान्स म्युलर नावाच्या जर्मन माणसाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे. मुंबईत एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी ऑफिस झेवियर्स कॉलेजच्या मागे, पोलिसांच्या स्पेशल ब्रँचच्या इमारतीत, आता बरंचसं काम २०१८ पासून ऑनलाइन होतं ते सोडा. मुद्दा असा की परदेशी माणसासाठी पोलीस म्हणजे आधी आपल्यावर नजर ठेवणारे, आणि तक्रार घेऊन जायचं तेही त्यांच्याकडेच. इथल्या माणसाच्या आयुष्यात पोलिसांचं हे पहिलं रूप सहसा येतच नाही.

ही नजर कधी कोणावर पडेल हे बाहेरच्या राजकारणावर ठरत आलंय. माझगावला डॉकयार्ड रोडजवळ चिनी लोकांचं १९१९ सालचं देऊळ अजून आहे, तिथे एकेकाळी चिनी वस्ती होती. १९६२ चं युद्ध झालं आणि देशभरातल्या चिनी लोकांवर बंधनं आली, राहत्या गावाबाहेर जायला परवानगी, पोलिसांकडे हजेरी, आणि आसाम बंगालकडच्या हजारो लोकांना तर राजस्थानात देवळीच्या कॅम्पमध्ये नेऊन टाकलं. अशा काळात शेजाऱ्याने भांडण काढलं, दुकानाचे पैसे बुडवले, तर तो माणूस कुठल्या तोंडाने चौकीत जाणार होता?

मग बांगलादेशींचा विषय. जुलै १९९८ मध्ये युती सरकारच्या काळात मुंबईतून बंगाली बोलणाऱ्या लोकांना बांगलादेशी ठरवून ट्रेनने पाठवलं, ती ट्रेन बंगालमध्ये उलुबेरियाला लोकांनी अडवली आणि त्यांना सोडवलं, कारण तिकडचं म्हणणं की यात आपले भारतीय आहेत. २०२५ मध्येही मुंबईच्या आसपासून पकडून सीमेपलीकडे ढकललेले काही मजूर बंगालचेच निघाले आणि त्यांना परत आणावं लागलं. बेकायदा येणाऱ्यांवर कारवाई नको असं मी म्हणत नाही, पण आपला माणूससुद्धा आपण आपले आहोत हे पटवून देऊ शकत नाही तर खरोखरच्या परदेशी माणसाचं काय होत असेल.

दुसरी बाजूही आहे आणि ती भक्कम आहे. घटनेचं कलम १४ आणि २१ "नागरिक" म्हणत नाही, "व्यक्ती" म्हणतं. १९९८ मध्ये हावडा स्टेशनच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला, रेल्वेने कोर्टात मुद्दा काढला की ती परदेशी आहे, आणि सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलं की कलम २१ तिलाही लागू आहे, १० लाख भरपाई द्या. २०१३ मध्ये ललिता कुमारी केसमध्ये ठरलं की दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशाची, माहिती मिळाली की एफआयआर घ्यायलाच हवा, त्यात देणारा कुठल्या देशाचा असं काही नाही. आणि पाकिस्तानने पकडलेल्या पवईच्या कुलभूषण जाधवसाठी, ज्याचे वडील मुंबई पोलिसातून एसीपी म्हणून रिटायर झाले, आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात जाऊन भांडलो ते याचसाठी की पकडलेल्या परदेशी माणसाला त्याच्या दूतावासाशी बोलू द्या. २०१९ ला आपण ती केस जिंकलो. मग तोच नियम आपल्या लॉकअपमध्येही तितक्याच जोरात पाळला गेला पाहिजे, मला यात दुसरं मत असूच शकत नाही.

२६/११ नंतर सगळंच कडक झालं. त्या हल्ल्याच्या कटातला अमेरिकन हेडली आधी ताडदेवला ऑफिस थाटून रेकी करून गेला होता, त्यामुळे सी फॉर्म, भाडेकरूची माहिती, व्हिसाचे नियम यावर जोर आला, आणि ते समजण्यासारखं होतं. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासात त्याची माहिती कळवायची असते, तेव्हा ती या सी फॉर्मवर, आणि तो घर देणाऱ्याने भरायचा असायचा. आमच्या केसमध्ये मालकाने तो भरला होता का हे कोणी विचारलंच नाही.

आफ्रिकन लोकांचं प्रकरण सगळ्यात अवघड. २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला. २०१६ मध्ये बंगळुरूत एका अपघातानंतर जमावाने टांझानियाच्या मुलीला मारहाण केली, जिचा त्या अपघाताशी संबंधच नव्हता, काही पोलीस सस्पेंड झाले. त्याच वर्षी दिल्लीत रिक्षावरून झालेल्या वादात काँगोचा एक तरुण मारला गेला आणि आफ्रिकी राजदूतांनी आफ्रिका दिनावर बहिष्काराची भाषा केली. याच्या शेजारी २०२२ चं खारचं प्रकरण ठेवून बघा, लाइव्ह व्हिडिओ करणाऱ्या कोरियन तरुणीची छेड काढली, व्हिडिओ व्हायरल झाला, पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवला आणि दोघांना लगेच अटक केली. चांगलंच केलं. पण तिथे कॅमेरा होता, आणि आमच्या जिन्यात नव्हता.

एक गोष्ट पोलिसांच्या बाजूने सांगायलाच हवी. धक्काबुक्की, शिवीगाळ, धमकी, जुन्या आयपीसीतलं ३२३, ५०४, ५०६, यावर सहसा एनसीच होते, मग तक्रारदार परब असो की परदेशी. एनसी म्हणजे अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करूच शकत नाहीत. आणि डिपॉझिट म्हटलं की "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा" हे आपल्यालाही ऐकावं लागतं. फरक पुढे पडतो. समोरच्याने क्रॉस कम्प्लेंट टाकली तर इथल्या माणसाला फार तर चार हेलपाटे पडतात, पण परदेशी माणसावर गुन्हा दाखल झाला की व्हिसा वाढवणं अडतं, देश सोडायची परवानगी अडते, आणि कोर्टाची तारीख व्हिसाच्या तारखेच्या पुढे जाते. हे घरमालकांना माहीत असतं, दलालांना तर पक्कं माहीत असतं, त्यामुळे "जास्त बोललास तर केस टाकीन" एवढं वाक्य पुरतं.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा कायदा गेला आणि इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट आला, चार जुने कायदे एकत्र करून. सिद्ध करायची जबाबदारी मात्र त्या माणसावरच राहिली. कॉलेज आणि हॉस्पिटलने परदेशी लोकांची माहिती द्यायची हेही आता त्यातच आलंय. वाद झाला, तक्रार द्यायची, दुभाषा कोण देणार, यावर त्यात काही नाही.

आमची एनसी झाली. दोन दिवसांनी मालकाचीही क्रॉस एनसी झाली आणि तिची कॉपी त्या मुलाने मला वाचायला आणून दिली, मराठीत होती म्हणून. मालकाच्या हातात अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट होतं, त्यावर मुलाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, पासपोर्ट नंबर सगळं छापलेलं, आणि एनसीत त्याच्याबद्दल लिहिलं होतं "एक आफ्रिकन इसम". त्याने विचारलं, यात माझं नाव कुठे आहे. मी दोनदा वाचली, नव्हतं. डिपॉझिट त्याने सोडून दिलं, परीक्षा झाल्यावर व्हिसा वाढवायचा होता.