किल्ल्यांच्या जुडग्यातली विजेरी : निवड आणि पारख

किल्ल्यांच्या कडीला कायम अडकवून ठेवता येईल एवढी लहान, बहुधा एकाच सेलवर चालणारी एलईडी विजेरी. बोलण्यात हिला की-चेन टॉर्च म्हणतात. लांबी दोन पेरांपासून फार तर बोटभर आणि वजन सेल धरून साधारण १० ते ३० ग्रॅम. याहून जड झाली की लोक ती जुडग्यातून काढून खणात टाकतात, आणि मग ती असून नसल्यासारखीच.

हिची पारख मोठ्या विजेरीच्या मापाने करून चालत नाही. मोठी विजेरी काम ठरल्यावर हातात घेतली जाते. ही आधीपासून खिशात असते आणि काम अचानक उपटते. कुलपाचे भोक सापडत नाही, गाडीच्या सीटखाली स्क्रू घरंगळतो, जिन्यातला दिवा गेलेला असतो. म्हणून ती हवी तेव्हा पेटते का, नको तेव्हा पेटत नाही ना, आणि महिनोन्‌महिने हात लागला नाही तरी सेलमध्ये जीव उरतो का, हे प्रश्न आधी विचारायचे. प्रखरता त्यानंतर. खोक्यावर मात्र प्रखरतेचाच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो.

पूर्वपीठिका

हातात धरायच्या विजेरीचे अमेरिकी पेटंट डेव्हिड मिसेल यांना जानेवारी १८९९ मध्ये मिळाले. पुढची जवळजवळ शंभर वर्षे प्रकाश देण्याचे काम तापलेल्या तारेच्या बल्बकडेच होते, आणि या बल्बला छोटा आकार मानवत नव्हता. एका बारीक सेलवर दोन-तीन ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप) पिवळट उजेड पडायचा, सेल थोडक्यात संपायचा आणि जुडगा चार वेळा आपटला की बल्बची तार तुटायची. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळी एलईडी आणली. निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर, म्हणजे उजेडाचा रंग बदलणारा लेप, चढवून १९९६ मध्ये पांढरी एलईडी बाजारात आली. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल ३ व्होल्टच देतो. त्यामुळे कोणत्याही सर्किटशिवाय, चिमटीत दाबून पेटणाऱ्या चपट्या विजेऱ्या लगेच निघाल्या. १.५ व्होल्टच्या एका सेलवर पांढरी एलईडी पेटवायची तर व्होल्टेज चढवणारे सर्किट बसवावे लागते. ते नखाएवढ्या जागेत मावू लागले तेव्हा आजची की-चेन टॉर्च तयार झाली.

उजेड किती हवा

अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कुलूप पाहायला, कागद वाचायला १ ते ५ ल्युमेन पुष्कळ होतात. जिना उतरायला १० ते २०, उघड्यावरच्या पायवाटेला ५० ते १००. त्यापुढचा उजेड या आकाराच्या विजेरीत पाहुणा असतो, कारण उष्णता बाहेर टाकायला धातूच पुरेसा नाही. दुसरे असे की डोळ्यांना उजेड दुप्पट भासायला तो प्रत्यक्षात चौपटीच्या आसपास वाढावा लागतो. १०० आणि १३० ल्युमेनच्या दोन विजेऱ्या शेजारी धरल्या तरी फरक मुश्किलीने कळतो. त्या फरकासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

याउलट किमान उजेडाकडे कोणी पाहत नाही. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि एका झगझगीत झोतात ती कमाई जाते. रात्री शेजारी कोणी झोपलेले असताना दीड-दोन ल्युमेनची पायरी, म्हणजे उजेडाची पातळी, नसलेली विजेरी कुचकामी ठरते. या लेखकाच्या मते निवड करताना सर्वांत आधी पाहायचा आकडा हाच: सर्वांत मंद पायरी किती मंद आहे, आणि विजेरी पेटताना त्या पायरीवर पेटते की थेट कमाल उजेडावर.

खोक्यावरचे आकडे

विजेऱ्यांच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ मध्ये एएनएसआय (तिथली राष्ट्रीय मानक संस्था) एफएल १ हे मानक आले आणि पुढे त्यात सुधारणा झाल्या. नामांकित उत्पादक त्यानुसार आकडे छापतात. हे मानक चांगले आहे, पण त्यातली एक व्याख्या या छोट्या विजेऱ्यांच्या बाबतीत चकवते. चालण्याचा काळ मोजताना सुरुवातीचा उजेड पेटवल्यानंतर ३० सेकंदांनी घेतात आणि तो १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. आता समजा, एक विजेरी ३०० ल्युमेनने पेटली, दीड मिनिटात तापल्यामुळे ४० वर उतरली आणि तासभर तिथेच राहिली. ४० हा आकडा ३०० च्या १० टक्क्यांहून जास्तच. म्हणजे खोक्यावर ‘३०० ल्युमेन, १ तास’ लिहिले तरी नियमाने ते खरे. घेणाऱ्याला मात्र ५८ मिनिटे ४० ल्युमेनचीच विजेरी मिळते. यात फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. ४० ल्युमेन कामाला पुरतातही. फक्त काय विकत घेतले ते ठाऊक असावे. यासाठी वेळेनुसार उजेड दाखवणारा आलेख उपलब्ध असेल तर एका आकड्यापेक्षा तो पाहावा.

झोताच्या पल्ल्याचेही तसेच. प्रकाश ०.२५ लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उरतो, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका, ते अंतर पल्ला म्हणून छापतात. झोताची कमाल तीव्रता कॅन्डेलामध्ये दिली असेल तर तिच्या वर्गमुळाची दुप्पट करावी: ४०० कॅन्डेलाला ४० मीटर. त्या ४० मीटरवर काही हलते आहे एवढेच समजते. निम्म्या अंतरावर प्रकाश चौपट होतो आणि तिथे वस्तू ओळखू येऊ लागते. की-चेन टॉर्चसाठी पल्ला हा तसा गौण मुद्दा.

मानकाचे नावही नसलेल्या खोक्यावरचे दावे तपासायला साधा हिशेब पुरतो. ट्रिपल ए आकाराच्या अल्कलाइन सेलमध्ये, सावकाश वापरला तर, एक वॉट-तासाहून थोडी जास्त ऊर्जा असते. एलईडी आणि सर्किट मिळून एका वॉटचे ८० ते १०० ल्युमेन करतात असे धरले तर एका सेलमध्ये ढोबळमानाने १०० ल्युमेन-तास आहेत. ते १० ल्युमेनने १० तास वापरा नाहीतर ५० ने २ तास. विजेरीत बंद असलेला १३० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम-आयन सेल ३.७ व्होल्टने अर्ध्या वॉट-तासाच्या आत भरतो, म्हणजे जेमतेम ४०-५० ल्युमेन-तास. अंगठ्याएवढ्या विजेरीवर ‘५०० ल्युमेन, ३ तास’ असे छापले असेल तर तो दावा १५०० ल्युमेन-तासांचा होतो. अशी विजेरी उघडून पाहण्याचीही गरज नाही.

सेल

ट्रिपल ए सेलवर चालणारी विजेरी थोडी लांब होते, पण सेल कुठेही मिळतो, आणि हा तिचा मोठा गुण. तिचा शत्रूही तिच्या पोटातच असतो. अल्कलाइन सेल संपल्यावर किंवा नुसता पडून राहिल्यावर पाझरतो; आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड अॅल्युमिनियम खाते, सेल फुगून नळीत घट्ट अडकतो आणि अख्खी विजेरी टाकून द्यावी लागते. क्वचित वापराच्या विजेरीत अल्कलाइन सेल वर्ष-वर्ष ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. १.५ व्होल्टचा, एकदाच वापरायचा लिथियम सेल महाग असतो, पण वजनाला हलका, थंडीत टिकणारा, पाझरण्याची भीती जवळजवळ नसलेला आणि दहा-दहा वर्षे पडून राहणारा. रोजच्या वापराला चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल बरा. त्याच मापाचा १०४४० नावाचा लिथियम-आयन सेल मिळतो, तो ३.७ व्होल्टचा. उत्पादकाने परवानगी दिली नसेल तर तो घालू नये. सर्किट जळते किंवा विजेरी हातात धरवणार नाही इतकी तापते.

बटण सेलवाल्या, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या सेलच्या, विजेऱ्या सर्वांत हलक्या. त्यांतल्या सीआर २०३२ मापाच्या सेलमध्ये कागदावर सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असतात, पण तो एका वेळी फारच थोडा प्रवाह देऊ शकतो. उजेड सुरुवातीपासून मोजकाच आणि दिवसेंदिवस मंदावत जाणारा. दुसरी विजेरी म्हणून चालते.

यूएसबीवर चार्ज होणाऱ्या विजेरीत सेल बदलता येत नसेल तर सेलचे आयुष्य तेच विजेरीचे आयुष्य. त्यातही बटण इलेक्ट्रॉनिक असेल तर बंद असतानाही थोडी वीज झिरपत राहते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी चार्ज करण्याची सवय लावावी लागते. चार्जिंगच्या खाचेवरचे रबरी झाकण हा नेहमीचा कच्चा दुवा: खिशातला कचरा आत जातो आणि झाकणाची शेपटी तुटते. एक बारीक गोष्ट आणखी. काही स्वस्त विजेऱ्यांमध्ये टाइप-सी खाच असते, पण तिच्यासोबत लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रोधक (रेझिस्टर) वाचवलेले असतात. अशी विजेरी दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीची केबल शोधावी लागते. बिघाड समजून ती परत करण्याआधी हे करून पाहावे.

बटण आणि फिरकी

फिरवून पेटणाऱ्या विजेरीत बिघडण्यासारखे काही नसते. पण तिला सहसा दोन हात लागतात, आणि किल्ल्यांच्या घासण्याने डोके आपोआप सैल होत जाते. कडी कोणत्या भागाला आहे ते पाहावे: कडी एका भागाला आणि सुटून जाणारा दुसरा भाग, अशी रचना असेल तर एक दिवस जुडग्यात अर्धीच विजेरी उरते. बटणाच्या विजेरीचा धोका उलट, ती खिशात दाबली जाऊन पेटते. उजेड दिसत नाही, उबही सुरुवातीला जाणवत नाही, आणि गरजेच्या वेळी सेल रिकामा. बटण पृष्ठभागाच्या किंचित आत असावे किंवा कुलूपबंद करण्याची सोय असावी; ती सोय अंधारात आणि घाईत आठवेल इतकी सोपी हवी. पाच वेळा दाबले की लखलखाट, सात वेळा दाबले की आणखी काही, असल्या करामती या विजेरीत अडचणच करतात.

झोत आणि रंग

जवळच्या कामाला पसरट, काठाला हळूहळू विरत जाणारा झोत बरा. मधोमध ठळक ठिपका असला की कागदावर डोळे दिपतात. पांढऱ्या भिंतीवर झोत टाकून हिरवट-जांभळट कडा दिसतात का ते पाहावे. थंड निळसर उजेड, ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) आसपासचा, ल्युमेनच्या आकड्यात जास्त भरतो. ४००० ते ५००० केल्विनचा डोळ्यांना सोसवतो. रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर असेल तर लाल आणि तपकिरी वायर वेगळ्या ओळखता येतात. ७० वाल्या उजेडात तिथेच घोटाळा होतो. असा सेल-खाऊ पण खरा उजेड थोडे ल्युमेन सोडूनही घ्यावा. मंद पायरीवर मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसले तर उजेड वेगाने चालू-बंद करून मंद केला आहे असे समजावे. काहींचे त्याने डोके दुखते, बऱ्याच जणांना पत्ताही लागत नाही.

बांधणी

अॅल्युमिनियम हलके, पण किल्ल्या त्याचा रंग वर्षभरात खरवडून काढतात. टायटॅनियम टिकाऊ आणि महाग. तांबे-पितळ देखणे, पण अॅल्युमिनियमच्या तिप्पट जड. काच कडेपेक्षा थोडी आत बसवलेली असावी. पाण्यापासून बचावाच्या मानांकनात आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरणारी. चुकून धुण्यात जाणाऱ्या वस्तूला दुसरी पायरीच असावी.

घरच्या घरी चाचणी

छोट्या अंधाऱ्या खोलीत विजेरी छताकडे तोंड करून उभी ठेवावी, मोबाइल एका ठरावीक जागी ठेवून त्यावरच्या लक्समापकाने दर मिनिटाला आकडा टिपावा. हे माप निरपेक्ष नव्हे, पण पहिल्या दहा मिनिटांत उजेड किती घसरतो ते लख्ख कळते. मग पाण्याच्या पेल्यात बुडवून काचेच्या आत बाष्प धरते का ते पाहावे. ओल्या हातांनी आणि एकाच हाताने पेटवून बघावे. आणि खरी परीक्षा म्हणजे आठवडाभर ती जुडग्यासह खिशात वागवणे: आपोआप पेटली का, मांडीला टोचली का, कडी उकलली का.

मोबाइलमध्ये दिवा असताना हे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. मोबाइलचा उजेड पुरेसा असतो. पण तो ओल्या हातांनी लवकर पेटत नाही, दातांत धरता येत नाही, इंजिनाच्या फटीत घालता येत नाही आणि त्याची बॅटरी संपायला आली की आधी दिवाच बंद ठेवावा लागतो.

निगा आणि धोका

फिरकीच्या आट्यांवरची काळी घाण फडक्याने पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीसचे बोट लावले की पाणी अडवणारे रबरी वळे टिकते आणि लुकलुक थांबते. पाझरलेल्या सेलची पांढरी पूड व्हिनेगरच्या बोळ्याने निघते.

लहान मुलाला किल्ल्या देऊन रमवणाऱ्या घरात बटण सेलची विजेरी जुडग्यात ठेवूच नये. गिळलेला लिथियम बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलसर त्वचेतून प्रवाह वाहू लागतो आणि दोन तासांतही गंभीर भाजते; मूल वरकरणी ठीक दिसत असले तरी. ठेवायचीच असेल तर स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाची घ्यावी, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत न बसता थेट रुग्णालय गाठावे.