पार्श्वभूमी : रॅपरच्या गळ्यातलं सोनं

रॅपरच्या गळ्यातल्या जाडजूड साखळ्या पाहून आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो, भपका. पुण्याच्या एमसी स्टॅनने 'बिग बॉस'मध्ये 'हिंदी' असं लिहिलेली हिऱ्यांची चेन मिरवली, तेव्हाही चर्चा झाली ती तिच्या किमतीचीच. ही आवड जिथून आली त्या न्यूयॉर्कमध्ये मात्र तिच्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात गाणाऱ्यांइतकाच वाटा सोनारांचा आहे.

रॅप ज्या संगीतसंस्कृतीचा भाग आहे त्या हिप-हॉपचा जन्म ऑगस्ट १९७३ मधला, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. त्या काळात तिथल्या इमारती आगीत जळत होत्या आणि रोजगार आटत चालला होता. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेघ मारून तिथे घरकर्ज नाकारण्याची रीत अनेक दशकं चालली होती. घर-जमीन हाती लागणं अवघड असलेल्या माणसाला सोनं घेता येत होतं. ते चारचौघांत दिसायचं आणि अडीनडीला गहाण टाकता यायचं. त्यामुळे या दागिन्यांना नुसती उधळपट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

साखळीचाच सोस का, याचं उत्तर हिप-हॉपच्याही आधी मिळतं. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या वॉटस्टॅक्स मैफलीत आयझॅक हेज हा गायक उघड्या अंगावर सोनेरी साखळ्यांचं जाकीट घालून मंचावर आला. ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडांत बांधून आणलं होतं, त्यांच्यासमोर हे घडत होतं. अभिनेता मिस्टर टी याने तर आपल्या साखळ्यांचा संबंध थेट गुलामगिरीशी जोडला. शिकागोच्या एका क्लबच्या दारावर पहारेकरी असताना भांडणांत तुटून पडलेल्या साखळ्या तो गळ्यात घालून उभा राहायचा, म्हणजे मालकाला आपली वस्तू ओळखून मागता यावी. २००५ च्या कॅटरिना वादळात लोकांची दैना पाहून त्याने सोनं घालणं सोडलं.

१९८० मध्ये रॅपर कर्टिस ब्लोने पहिल्याच अल्बमच्या मुखपृष्ठावर उघड्या छातीवर साखळ्या घातल्या. मग न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या रन-डीएमसी या रॅप गटाने जाड पिळाचा गोफ घराघरांत पोहोचवला. सॉल्ट-एन-पेपासारख्या मुलींच्या गटांनी तोच गोफ कानांतल्या मोठाल्या कड्यांच्या जोडीने घातला. गंमत अशी, की यातले पुष्कळ गोफ आतून पोकळ असत. जानेवारी १९८० मध्ये सोन्याने औंसाला ८५० डॉलरचा तेव्हाचा उच्चांक गाठला होता, भरीव गोफ कितीजणांना परवडणार? पोकळ गोफ दिसायला दोरखंडासारखा, हातात घेतला की हलका आणि एकदा चेपला की दुरुस्तीला त्रासदायक.

हे घडवणारे सोनार बहुतेकदा स्वतःच परदेशातून आलेले होते. सुरिनाममध्ये जन्मलेल्या एडी प्लेनने क्वीन्सच्या कोलोसियम मॉलमध्ये सोन्याच्या दातांचा धंदा मांडला. पूर्वी सोन्याचा दात कायमचा बसवायचा तर खरा दात घासावा लागे. याने दातांचा साचा घेऊन हवं तेव्हा काढता-घालता येईल असं कवच बनवलं. पब्लिक एनिमी या रॅप गटाचा फ्लेवर फ्लेव त्याच्याकडे आला. ताश्कंदहून लहान वयात आलेल्या जेकब अराबोने १९८६ मध्ये दुकान थाटलं आणि नव्वदच्या दशकात नोटोरियस बी.आय.जी. आणि जे-झी हे रॅपर त्याचे गिऱ्हाईक झाले. पुढे २००८ मध्ये तपास यंत्रणेला खोटी माहिती दिल्याबद्दल त्याला तुरुंगवासही झाला. तरीही, मोठ्या पेढ्यांनी या गायकांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं तेव्हा हेच सोनार त्यांच्या कल्पना कागदावर उतरवून घेत होते. या घडणीचं खरं श्रेय त्यांना द्यायला हवं.

विरोधही आतूनच झाला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अनेक रॅपरांनी सोनं उतरवून आफ्रिकेचा नकाशा कोरलेली चामड्याची पदकं गळ्यात घातली. कारण जगातलं सर्वाधिक सोनं तेव्हा वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतून येत होतं.

ते वारं फार टिकलं नाही. नव्वदच्या दशकात पिवळ्या सोन्याची जागा प्लॅटिनमने आणि ठासून जडवलेल्या हिऱ्यांनी घेतली. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या बी.जी. या रॅपरच्या गाण्यामुळे अशा लखलखत्या दागिन्यांसाठीचा 'ब्लिंग' हा शब्द जगभर गेला. २००५ मध्ये रॅपर कान्ये वेस्टने पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या हिऱ्यांवर गाणं केलं, त्याच्या व्हिडिओत खाणीत राबणारी मुलं होती. याच साखळीत आपणही आहोत, कारण जगातल्या बहुतांश हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात आणि मुंबईच्या हिरेबाजारातून त्यांचा मोठा व्यापार होतो.

दागिन्यापायी जीवही गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका उपाहारगृहात दागिने लुटायला आलेल्याने गोळ्या झाडल्या आणि रॅपर पीएनबी रॉक मारला गेला.

या दागिन्यांना मान मिळायला बराच काळ लागला. मार्च १९९७ मध्ये, हत्येच्या तीन दिवस आधी, नोटोरियस बी.आय.जी.ने छायाचित्रासाठी डोक्यावर प्लॅस्टिकचा स्वस्तातला मुकुट घातला होता. २०२० मध्ये सदबीजच्या लिलावात तो ५,९४,७५० डॉलरला गेला. आणि मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने हिप-हॉपच्या दागिन्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. 'स्टार ऑफ इंडिया' हा प्रसिद्ध नीलम जिथे ठेवला आहे त्याच रत्नविभागात, रॅपर स्लिक रिकच्या मुकुटासह.